पहिल्या ओळीतला नंबर

दिपा राठोडच्या खुर्चीला चाकं होती म्हणून बरं, नाहीतर आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयाची फरशी तिनं वर्षभरात खरवडून काढली असती. बसली की उठायची, उठली की खिडकीशी जायची, हिंगोलीचा रस्ता बघितल्यासारखं करायची आणि परत यायची. माझं टेबल तिला लागून. काम करताना शेजारी कुणी वळवळ केली की माझं डोकं उठतं. एकदा मी चक्क ओरडले, "बाई गं, मुंग्या चावून राहिल्या का तुला?" ती हसली, "सॉरी मंजुषाताई" म्हणाली, आणि जरा वेळानं पुन्हा उठली.

तिच्या हुद्द्याचं नाव बिझनेस इंटेलिजन्स स्पेशालिस्ट. आमच्या शिपायानं ते पहिल्या दिवशी दारावरच्या पाटीवर वाचलं आणि मला हळूच विचारलं, "म्हंजे गुप्तहेर का हो मॅडम?" मी म्हटलं, तसंच काहीतरी असेल. प्रत्यक्षात काम असं, की सगळ्या शाखांतून रोज येणारे आकडे एकत्र करायचे, त्यातला कचरा निवडायचा आणि जे उरेल त्याची रंगीत चित्रं करून साहेबांना पडद्यावर दाखवायची. कुठल्या शाखेच्या ठेवी आटत चालल्या, कळमनुरीच्या बाजाराला तिथलं एटीएम कधी रिकामं होतं, हळदीच्या हंगामात कुठं किती रोकड लागेल, हे सगळं ती आधीच सांगायची. ती यायच्या आधी आमचे कऱ्हाळे साहेब हे सगळं अंदाजानं करायचे आणि चुकलं की शाखेवर खेकसायचे. ती आल्यापासून खेकसणं बरंच कमी झालं. माझं काम मात्र जुनंच होतं. खातेदारांची ओळखपत्रं तपासायची, पत्ते बदलायचे, फोन नंबर बदलायचे.

आता मुख्य गोष्ट तिच्या फोनची. तो दिवसभर टुण टुण वाजायचा. वाजला की ही जागच्या जागी दचकायची, मेसेज वाचायची आणि जिन्यात जाऊन कुणालातरी फोन लावायची. बोलायची गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. ती डोंगरकड्याच्या अलीकडच्या एका तांड्यावरची, आणि तिची भाषा मला ओ की ठो कळत नाही. मी मनात पक्कं केलं की पोरगं आहे कुणीतरी. आता एवढं शेजारी बसून विचारलं नाही तर मी कसली मंजुषा? एक दिवस म्हटलं, "काहून गं, कोण हाय?"

"कोण न्हाई ताई."

"मग जिन्यात कोणाशी बोलून राहिलीस, पायऱ्यांशी?"

ती नुसती हसली. मी मग कान देऊन ऐकायला लागले. शब्द कळायचे नाहीत, पण नावं कळायची. एकदा संगिता, एकदा निलम, एकदा थावराची आई. मी मनात रचलेल्या प्रेमप्रकरणाचा तिथंच निकाल लागला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरी असली लपवाछपवी नाही, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मी दुपारी बाजारात साडी घेतली तर संध्याकाळी दारातच आमचे हे विचारणार, "साडी घेतली वाटतं?" ह्यांना सगळं कळतं. ऐकून दिपा माझ्याकडे क्षणभर बघायची आणि पुन्हा पडद्याकडे वळायची.

तिच्याबद्दल ऑफिसात आणखी एक गोष्ट बोलली जायची. ती आधी पुण्याला मोठ्या कंपनीत होती, पगार आमच्या साहेबांपेक्षा जास्त, आणि थोड्याच महिन्यांत सोडून आली. पुणं झेपलं नसेल, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. विचारलं तर ती सांगायची, "तिथं फोन दारात कपाटात ठेवून आत जावं लागायचं, ताई." मला वाटायचं, आजकालच्या पोरींना फोनशिवाय तासभर निघत नाही, त्याला आपण काय करणार.

मग मागच्या हिवाळ्यात भाड्याच्या खात्यांचं प्रकरण सुरू झालं. गरिबाच्या नावानं खातं काढायचं, त्यातून चोरीचा पैसा फिरवायचा, आणि ज्याचं नाव त्याला पत्ताच नाही, असा हा धंदा. वरून आदेश आला की अशी खाती शोधा. साहेबांनी काम दिपाकडे दिलं. एवढ्या हौसेनं काम करताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. चहा पुढ्यात गार व्हायचा. "एकेकाला बाहेर काढते बघा," म्हणायची. तिनं नियम लिहिले. त्यातला सगळ्यात साधा नियम असा, की वेगवेगळ्या घरच्या बऱ्याच खात्यांना एकच फोन नंबर लावलेला असेल तर ती खाती लाल करायची. जितकी खाती जास्त, तितकी ओळ वर. यादी सोमवारच्या बैठकीत साहेबांसमोर जाणार आणि त्यांनी होकार दिला की खाती गोठणार.

शनिवारी दुपारी तिनं ते चालवलं. मी डबा धुऊन आले तर ती उभी होती. दोन्ही हात टेबलावर टेकलेले आणि चेहरा असा, की मला आधी वाटलं घरून वाईट बातमी आली. मी तिच्या खांद्यावरून पडद्यावर बघितलं. सगळ्यात वरच्या लाल ओळीत एक फोन नंबर होता. पुढं नुसत्या बायकांच्या नावाची खाती, सगळी एकाच तांड्यावरची. नंबर मला ओळखीचा वाटला. मी माझा फोन काढून ताडून बघितला.

"अगं, हा तर तुझा नंबर हाय!"

"हळू बोला ताई."

मी धपकन खुर्चीत बसले. बँकेच्या कर्मचाऱ्याचा नंबर खातेदारांच्या खात्याला! आमच्याकडे एवढ्यावर माणूस घरी जातो. मग तिनं सांगितलं. ती अकरावीला कळमनुरीत शिकायला गेली तेव्हा तांड्यावर पोरींमध्ये हिच्या एकटीकडेच फोन आला. पुढं तांड्यावर खाती उघडायचं शिबिर झालं. अर्जावर फोन नंबर पाहिजे होता. सगळ्या बायकांनी हिचा नंबर दिला. पैसे जमा झाल्याचा मेसेज हिच्या फोनवर येणार, ही वाचणार आणि फोन करून कळवणार. आम्ही तिघी-चौघी जिला फोनवेडी म्हणत होतो, ती वर्षानुवर्षं हे करत होती.

"आणि नियम लिहिताना तुझ्या टकुऱ्यात नाही आलं हे?"

"माझ्या डोक्यात तो नंबर म्हणून नव्हताच, ताई. ते घरचं काम होतं. कुणी घरच्या कामावर नियम लावतं का?"

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. मी म्हटलं, "ती ओळ काढून टाक. कोणाला कळून राहिलं?"

"एका शब्दाचं काम आहे," ती म्हणाली. तिनं बोट बटणावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग खिडकीशी गेली, परत आली. "मी माझी ओळ वगळली तर उद्या दुसरा कोणी त्याची वगळेल. मग हे सगळं कशाला केलं मी?" डोळ्यांत पाणी होतं पण रडली नाही. "पण खाती गोठली तर त्यांची हळदीची मजुरी अडकते. उद्या तांड्यावर जाते. प्रत्येकीचा वेगळा नंबर मिळाला की सोमवारी सांगता येईल, साहेब, ह्या बायका चोर नाहीत, हे घ्या खरे नंबर. तुम्ही येता? तुमच्याच टेबलावरचं काम आहे."

मी गेले. माया म्हणा, भोचकपणा म्हणा, दोन्ही होतं. कळमनुरीवरून एसटी डोंगरकड्याकडे निघाली तशी ती दर थांब्याला उठून उभी राहत होती, जणू तिच्या उभं राहण्यानं गाडी लवकर सुटणार होती. दोन्ही बाजूंच्या शेतांत हळदीची पानं वाळून लोळली होती.

तांड्यावर तिच्या काकीच्या, जिवनबाईच्या अंगणात बायका जमल्या. जिवनबाई विधवा, वयानं साठीच्या पुढची, आरशांची चोळी, कमरेला चंची आणि आवाज असा की शेळ्यासुद्धा ऐकून गप्प होतात. दिपाची आईही होती, मागं भिंतीला टेकून. दिपानं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली की आता प्रत्येकीनं आपापला वेगळा नंबर द्या.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं कळलं नसेल, म्हणून मी माझ्या टेबलावरच्या आवाजात समजावलं, "अहो, आता प्रत्येकाच्या घरात फोन हाय की. तो नंबर सांगा, मी लिहून घेते."

जिवनबाई माझ्याकडे वळली. "घरात फोन हाय बाई. पण तो कोणाच्या खिशात हाय?"

तेवढ्यात फाटकातून दिपाचे वडील, पेमा, आत आले. क्षणात सगळ्या जणी एका शेळीच्या दुखऱ्या पायावर बोलायला लागल्या. दिपासुद्धा. पेमांनी मला हात जोडले, चहा घ्या म्हणाले, लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि फावडं घेऊन गेले. शेळीचा पाय तिथंच बरा झाला.

"आमचे माणसं वाईट न्हाईत," जिवनबाई म्हणाली. "पण मेसेज त्यांच्या खिशात वाजला की पैसा त्यांचा व्हतो. मंग कधी दुरुस्ती निघती, कधी पाव्हणे निघते. ह्या संगिताची पोरगी वसतिगृहात हाय, तिचा बाप म्हणतो घरी बशीव. पोरीची फी कुठून जाती त्याला म्हाईत न्हाई. आमी काही येडेपणानं हिचा नंबर दिला न्हाई. ठरवून दिला."

मी दिपाकडे बघितलं. "तुला हे ठाऊक होतं?"

"आधी नव्हतं. नांदेडला शिकत होते तेव्हा कळलं," ती म्हणाली. "माझीच फी भरली गेली तेव्हा. बापूंना वाटतं मला शिष्यवृत्ती होती." भिंतीला टेकलेली तिची आई खाली बघत होती.

तेव्हा मला पुणं कळलं. दिवसभर फोन कपाटात, म्हणजे दिवसभर तांडा अंधारात. कोणाच्या खात्यात काय आलं, कोणी काढलं, काही पत्ता नाही. एखादीनं डोळे मिटून डोक्यावर भरलेली घागर घ्यावी तशी ही पोरगी एवढ्या बायकांचा विश्वास घेऊन फिरत होती आणि आम्ही तिला बूड टेकत नाही म्हणून हसत होतो. मला माझी लाज वाटली.

"आमाला विचारून नियम करायचा व्हता दिपा," जिवनबाई म्हणाली. आवाजात राग होता. "तू साहेब झालीस तरी हितलीच ना?" मग जिवनबाईनं मला विचारलं, सहज, चहाची कपबशी हातात देता देता, "तुमच्या खात्यावर कोणाचा नंबर हाय, बाई?"

"माझाच," मी म्हटलं. चहा जिभेला पोळला.

माझा नव्हता. लग्न होऊन हिंगोलीत आले त्याच वर्षी नोकरी लागली, तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता, म्हणून ह्यांचा नंबर टाकला. मग फोन आला, नवा आला, त्याहून नवा आला. दिवसभर लोकांचे नंबर बदलते मी. माझा बदलायचा कधी मनातच आलं नाही. परतीच्या एसटीत दिपा बडबडत होती, काय करायचं, कसं करायचं, आणि मला साड्या आठवत होत्या. प्रत्येक साडीच्या संध्याकाळी दारात हसऱ्या तोंडानं उभे असलेले हे.

सोमवारी बैठकीत दिवे मंद झाले, पडदा उजळला आणि कऱ्हाळे साहेब खुश होऊन म्हणाले, "वा, पहिल्याच ओळीत मोठा मासा दिसून राहिला. कोणाचा नंबर आहे हा?"

"माझा," दिपा म्हणाली.

साहेबांना आधी गंमत वाटली. मग वाटेना. ती उभी होती आणि सगळं सांगत होती, शिबिर, नंबर, मेसेज. बायकांनी नंबर का दिला तेही सांगितलं, फक्त कुणाच्या घरचं काय, ते सांगितलं नाही. "राठोड मॅडम, आधी बसा," साहेब म्हणाले. "नाही बसत साहेब," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती एका जागी न हलता उभी होती.

साहेब माणूस चांगला. त्यांनी कपाळ चोळलं आणि मार्ग काढला. "तुमची चौकशी तर करावीच लागेल, त्याला इलाज नाही. खात्यांचं सोपं आहे. नवऱ्यांचे नंबर टाका आणि मोकळे व्हा. मंजुषाबाई, तुमच्याकडून होईल ना दोन दिवसांत?"

"होणार नाही," मी म्हटलं. बोलून गेले, मग मागं फिरणं माझ्या रक्तात नाही. "साहेब, तुमच्या मिसेसच्या खात्यावर कोणाचा नंबर हाय?"

"माझा. का?"

"त्यांनी त्यांच्या आईला पैसे पाठवले तर तुम्हाला कळतं?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. आणि माझे कान तापले, कारण तोच प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी काय सांगणार होते? शेवटी साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. बायकांनी स्वतःच्या नावाचे नंबर आणले तर ठीक, नाहीतर खाती गोठतील. दिपाकडून तेवढ्या दिवसांपुरतं तिचं काम काढून घेतलं आणि तिला माझ्या टेबलावर कागद लावायला बसवलं. तो आठवडा मला जन्मभर आठवेल. तिनं माझी एकही फाइल सरळ राहू दिली नाही. दारात एसटीतून उतरलेलं कोणी दिसलं की ही अर्धी उभी. तांड्यावर फोन लावला तर जिवनबाई नुसतं म्हणायची, "बघून राहिलो." मुदत संपत आली तशी दिपा खायचीही बंद झाली. मी डब्यातली भाकरी तिच्यासमोर सरकवायचे आणि शिव्या घालायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या आल्या. जिवनबाई पुढं, बाकीच्या मागं, बँकेचं दार भरून गेलं. रखवालदार रांग लावा म्हणायला गेला आणि जिवनबाईच्या एका नजरेनं परत फिरला. कळमनुरीच्या बाजाराला जातो सांगून त्या गेल्या होत्या आणि तिथं एकेकीनं अंगठा देऊन आपापल्या नावाचं सिमकार्ड घेतलं होतं. फोन मात्र सगळ्यांत मिळून एकच, जिवनबाईचा, आकड्यांची बटणं घासून गेलेला.

मी एकेकीचा अर्ज भरायला लागले. नंबर पक्का करायला त्यावर ओटीपी येणार. मग पहिलीनं चंचीतून सुपारीच्या बाजूनं सिम काढलं, जिवनबाईनं केसातल्या आकड्यानं फोनचं झाकण उघडून ते बसवलं, टुण झालं, तिनं आकडे वाचले, सिम काढून परत दिलं, आणि दुसरी पुढं आली. सगळ्या बँकेचं काम थांबलं होतं. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. दिपाची आई आली तेव्हा तिच्या हातातून सिम निसटून खाली पडलं आणि बँकेची बिझनेस इंटेलिजन्स स्पेशालिस्ट टेबलाखाली रांगत ते शोधायला लागली.

"रोज संध्याकाळी माझ्या घरी बसवून बघू," जिवनबाई मला म्हणाली. "रिचार्जचं आमचं आमी बघतो. ही व्हती म्हणून आमी आळस केला. लेकराला बांधून ठेवलं."

दिपाला लेखी ताकीद मिळाली आणि तिचं काम परत मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं नियमात भर घातली, की बाईच्या नावाचं खातं लाल झालं तर गोठवायच्या आधी तिला एकटीला बोलावून विचारायचं, घरच्यांसमोर नाही. साहेब कुरकुरले आणि सही केली.

आता तिचा फोन गप्प असतो. मला वाटलं होतं, आता तरी बसेल. छे! पूर्वी फोन वाजला की उठायची, आता वाजत नाही म्हणून उठते. अर्ध्या कामातून हात फोनकडे जातो, काही नसतं, तशीच खिडकीशी जाते. पुण्याच्या कंपनीनं परत विचारलंय. "जाशील?" मी विचारलं. "आता जाता येईल," ती म्हणाली, आणि असं म्हणाली जणू कोणीतरी तिचं काही काढून घेतलं होतं.

त्या दुपारी बायका गेल्यावर टेबलावर एक कोरा अर्ज उरला होता. मी तो भरला. नाव माझं, नंबर माझा, तपासणारी मी. सही करताना मला दरदरून घाम फुटला, हे सांगते, कारण मी कुणाला भिणारी बाई नाही आणि आमचे हे वाईट माणूस नाहीत.

पगाराच्या दिवशी माझा फोन वाजला. टुण. मी अशी दचकले की पेन हातातून उडालं. मेसेज वाचला, परत वाचला, उठले, खिडकीशी गेले. संध्याकाळी हे दारात उभे राहून विचारणार होते, पगार झाला का गं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते मला विचारणार होते. काय सांगायचं ते मला ठरवायचं होतं. मला बसवेना.

मागून दिपाचा आवाज आला, पडद्यावरची नजर न काढता.

"काहून ताई, कोण हाय?"